इलेक्ट्रिक फर्नेस आणि व्हेरिएबल स्पीड ब्लोअर: बसवतानाच्या नोंदी

२८ सप्टेंबर

घर गरम करणारी जुनी विजेची फर्नेस काढून नवीन बसवायचं एकदाचं पक्कं झालं. जुनी २० किलोवॅटची, ब्लोअरला (हवा ढकलणारा पंखा) साधी पीएससी मोटर (कपॅसिटरवर चालणारी जुन्या पद्धतीची), एकच स्पीड, चालू झाली की घरभर घूं घूं आवाज आणि मागच्या बेडरूमला मात्र हवा पोचतच नाही, ती आईची खोली, त्यामुळे हे काम थंडी पडायच्या आत व्हायलाच हवं.

आधी साईज ठरवला. जुनी २० ची होती म्हणून नवीनही २० ची घ्या असं बरेच जण करतात, मला ते पटत नाही. जुनी कोणी कशी ठरवली होती कोणाला माहीत, आणि मधल्या काळात खिडक्या बदलल्या, माळ्यावर इन्सुलेशन घातलं. म्हणून प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, छत, हवेची गळती असं सगळं धरून हीट लॉसचा, म्हणजे घरातून किती उष्णता बाहेर जाते त्याचा, हिशोब केला, सगळ्यात थंड दिवसाला साधारण ३८,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) ताशी आला. १ किलोवॅट म्हणजे ताशी ३,४१२ बीटीयू, म्हणजे ११ किलोवॅटच्या थोडं वर. १० किलोवॅट कमी पडेल, १५ पुरून उरेल. १५ घेतली, त्यात ५-५ चे तीन एलिमेंट (तापणाऱ्या तारांचे संच), आणि स्टेजिंग करता येतं, म्हणजे ते गरजेप्रमाणे एकेक चालू होतात, म्हणून रोजच्या थंडीत १० वरच भागेल.

ब्लोअर मात्र मुद्दाम कॉन्स्टंट एअरफ्लोवाला निवडला. इथे नावांचा गोंधळ होतो म्हणून लिहून ठेवते. ईसीएम मोटर म्हणजे आत कायमचुंबक असलेली ब्रशलेस मोटर, मागे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, तो एसीचा डीसी करून मोटर फिरवतो. पण ईसीएम दोन जातीच्या येतात. एक कॉन्स्टंट टॉर्क, तिला ठरलेले टॅप (जोराच्या पायऱ्या) असतात, डक्टमध्ये (हवा नेणाऱ्या नळीत) अडथळा वाढला की हवा कमी होते, फक्त पीएससीइतकी पटकन नाही. दुसरी कॉन्स्टंट एअरफ्लो, हिला तुम्ही सांगायचं ११०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) दे, आणि ती स्वतःचा टॉर्क आणि आरपीएम बघून अंदाज घेते आणि तेवढी हवा द्यायला धडपडते. खरी व्हेरिएबल स्पीड ती ही. कॅटलॉगमध्ये दोघींवर ईसीएम लिहिलेलं असतं, त्यामुळे ब्लोअरचा तक्ता उघडून बघायचा. स्टॅटिक प्रेशर (डक्टमधल्या अडथळ्यामुळे येणारा हवेचा दाब) वाढलं तरी सीएफएमचा आकडा जवळपास तसाच राहत असेल तर दुसऱ्या जातीची.

४ ऑक्टोबर

वायरिंगचा हिशोब. हे काम कागदावर आधी, हातात पक्कड नंतर.

२४० व्होल्टवर १५ किलोवॅट म्हणजे ६२.५ अँपिअर, वर ब्लोअरचे नेमप्लेटवर ४.३. अमेरिकन नॅशनल इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे अशा फिक्स हीटिंगला कंटिन्युअस लोड (सतत चालणारा भार) धरतात, म्हणजे १२५ टक्के. शिवाय ४८ अँपिअरच्या वरचे एलिमेंट एकाच सर्किटवर चालत नाहीत, विभागावे लागतात, आणि प्रत्येक भागाला जास्तीत जास्त ६० चं संरक्षण. म्हणून या मशीनला दोन सर्किट आहेत.

पहिलं: दोन एलिमेंट ४१.७ आणि ब्लोअर ४.३, मिळून ४६. सव्वापट केलं की ५७.५. ब्रेकर ६० चा. दुसरं: एक एलिमेंट २०.८, सव्वापट २६, ब्रेकर ३० चा.

आता खरी मेख वायरच्या जाडीत (गेजचा आकडा जेवढा लहान तेवढी वायर जाड). ६ गेज तांबं म्हटलं की लोक ६५ अँपिअर धरतात, पण तो आकडा ७५ डिग्रीच्या रकान्यातला, पाईपमधून वेगळ्या वायरी ओढल्या तरचा. घरात सर्रास वापरतात ती आवरणवाली एनएम केबल ६० डिग्रीच्या रकान्यात धरावी लागते, तिथे ६ गेज फक्त ५५ ची. आपल्याला हवेत ५७.५. अडीच अँपिअरसाठी अडतं, पण अडतं ते अडतंच. म्हणून पहिल्या सर्किटला ४ गेज, दुसऱ्याला १० गेज. जुन्या फर्नेसची केबल पुन्हा वापरता येईल का हे पण बघितलं, तिच्या आवरणावरचं छापील वाचता येत नाही आणि लगपाशी (वायर स्क्रूने आवळतात ती जोडणी) इन्सुलेशन तपकिरी पडलंय. ती जाणार.

परमिट काढलंय. पॅनेलच्या आतलं काम लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन करणार आणि मग इन्स्पेक्शन. त्यात घाई नाही.

११ ऑक्टोबर

दादा मदतीला आला. जुनी काढली. पॅनेलवर ब्रेकर बंद, लॉक, आणि तरीही मीटरने दोन्ही सर्किटवर तपासलं, कारण दोन सर्किटची मशीन असली की एक बंद करून माणूस निर्धास्त होतो आणि दुसरं चालूच असतं.

इलेक्ट्रिक फर्नेसचं सुख म्हणजे धुराडं नाही, गॅसची लाईन नाही, जळणाला बाहेरची हवा नको. त्यामुळे उचलणं आणि बसवणं हे गॅसपेक्षा फारच सरळ. नवीन कॅबिनेट जुन्यापेक्षा बुटकं निघालं, हे मापावरून माहीत होतंच, म्हणून वरच्या प्लेनमसाठी (फर्नेसमधून हवा आधी जिथे येते ती पत्र्याची पेटी) नवीन पत्र्याचा जोड बनवून घेतला होता. खाली रबराचे पॅड, लेव्हल बघितली. प्लेनम आणि कॅबिनेटच्या मध्ये कॅनव्हासचा जोड टाकला, पत्रा पत्र्याला थेट जोडला की ब्लोअरची थरथर पूर्ण डक्टभर जाते.

सांधे सगळे मॅस्टिकने (सांधे बुजवायची घट्ट पेस्ट) आणि फॉइल टेपने. कापडी डक्ट टेप डक्टवर लावायचीच नाही, उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि दोनेक हिवाळ्यांत ती लोंबायला लागते. जुन्या सांध्यांवर नेमकं तेच होतं, रिटर्नच्या (खोल्यांतली हवा परत आणणाऱ्या डक्टच्या) एका सांध्यातून तर बोट आत जात होतं.

समोर तीन फूट मोकळं ठेवलं. वर हीट पंपची कॉइल बसेल एवढी जागा पण मुद्दाम सोडलीय. रेझिस्टन्स हीटमध्ये १ युनिट वीज म्हणजे १ युनिट उष्णता, त्याहून जास्त मिळत नाही, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र) त्याच विजेत दोन-तीनपट देतो. पुढे कधी तो जोडला तर हीच फर्नेस बॅकअप होईल आणि ब्लोअर आहेच चांगला.

१२ ऑक्टोबर

मोटरचा हार्नेस, म्हणजे तिच्या वायरी आणि प्लग. छोटं काम आहे पण यात घाण झाली तर मॉड्यूल जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्लोअरच्या मॉड्यूलला दोन प्लग. मोठा पाच पिनचा पॉवरचा, छोटा सोळा पिनचा कंट्रोलचा. पीएससी मोटरला रिले चालू झाला की वीज मिळते, या मोटरला वीज कायम असते, थर्मोस्टॅट बंद असला तरी. फिरायचं की नाही ते छोट्या प्लगमधून सांगतात. म्हणजे मोटर थांबलेली दिसते म्हणून प्लगला हात लावायचा नाही, ब्रेकर पाडायचा आणि त्यानंतरही पाच मिनिटं थांबायचं, मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. चालू विजेवर प्लग काढला-घातला तर पिनवर स्पार्क पडतो आणि मॉड्यूल खराब होऊ शकतो.

केबल मॉड्यूलपासून आधी खाली यू आकारात सोडली आणि मग वर नेली, म्हणजे वर कधी कॉइल आली आणि तिचं पाणी वायरवरून ओघळलं तर ते त्या वळणावरून खाली टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. प्लगची तोंडंही खालच्या बाजूला राहतील अशी मोटर तिच्या पट्ट्यात फिरवून घेतली.

एलिमेंट मीटरने बघितले. हिशोबाने २४० चा वर्ग भागिले ५,००० म्हणजे ११.५ ओहम, मीटरवर थंड असताना तिन्ही ११ च्या आसपास, एकमेकांशी जुळणारे. एलिमेंट ते कॅबिनेट ओपन, म्हणजे कुठेच टेकलेलं नाही. प्रवासात एखादी कॉइल खाली येऊन पत्र्याला टेकते कधी कधी, म्हणून हे बघायलाच हवं.

१८ ऑक्टोबर

इलेक्ट्रिशियनचं काम झालं, इन्स्पेक्शनही पास झालं. त्यांनी लग टॉर्क स्क्रूड्रायव्हरने लेबलवरच्या आकड्याप्रमाणे आवळले, हे बघून फार बरं वाटलं. ४०-४५ अँपिअर तासन्‌तास वाहणाऱ्या जोडणीत ढिला लग म्हणजे तिथेच गरम होणार, मघाशी जी तपकिरी वायर म्हटलं ती त्यामुळेच.

मी लो व्होल्टेजची बाजू केली. ट्रान्सफॉर्मरला २०८ आणि २४० असे दोन टॅप असतात, पॅनेलवर मोजलं तर २३८, म्हणून २४० वरच ठेवला. थर्मोस्टॅटपर्यंत आठ तारांची नवीन केबल ओढली. सध्या लागतात आर आणि सी (वीज), डब्ल्यू१ आणि डब्ल्यू२ (हीटच्या दोन स्टेज) आणि जी (फॅन), बाकीच्या तीन गुंडाळून ठेवल्या, पुढे हीट पंप आला तर भिंत फोडायला नको.

मग बोर्डवरचे डिप स्विच, हवा किती हवी ते ठरवणारे छोटे स्विच. फॅक्टरी सेटिंगमध्ये बहुतेकदा हवा जेवढी जास्तीत जास्त आहे तेवढी सेट असते, ती तशीच सोडून निघून जाणारे खूप आहेत. आधी गणित करायचं: सीएफएम म्हणजे ताशी बीटीयू भागिले (१.०८ गुणिले तापमानवाढ फॅरनहाइटमध्ये). १५ किलोवॅटचे ५१,१८० बीटीयू. ११०० सीएफएमवर तापमानवाढ ४३ डिग्री येते, म्हणजे रिटर्न ७० असेल तर प्लेनममध्ये ११३. हेच ७०० वर ठेवलं तर वाढ जवळपास ६८, प्लेनम १३८, लिमिट स्विच (फार तापलं की एलिमेंट बंद करणारा) ट्रिप व्हायच्या वाटेवर. हवा कमी ठेवली की गरम लागते म्हणून लोकांना आवडते, पण एलिमेंटचा आणि लिमिटचा जीव त्यात जातो. हीटर किटच्या तक्त्यात किमान सीएफएम दिलेला असतो, त्याच्या खाली कधीच नाही. मी ११०० ठेवले, अ‍ॅडजस्ट शून्यावर, आणि रॅम्पचा (मोटर स्पीड कसा चढवते त्याचा) प्रोफाइल हळू चढणारा.

१९ ऑक्टोबर

पहिल्यांदा चालू. आधी फक्त फॅन. मोटर अगदी सावकाश फिरायला लागली, दादा कान लावून उभा, म्हणाला, "अगं, मोटर अडकतेय का? जोरच नाही तिला." मी म्हटलं, "थांब दादा, ती अशीच चढते, अर्ध्या मिनिटाने बघ." आणि खरंच, कळलं पण नाही कधी पूर्ण स्पीडला आली. जुनी चालू होताना जो धप्प आवाज यायचा तो गेला.

मग हीट. तारेभोवती लावलेल्या क्लॅम्प मीटरवर स्टेजिंग बघण्यासारखं असतं. डब्ल्यू१ आला, ब्लोअर सुरू, पहिला एलिमेंट २०.६, थोड्या वेळाने दुसरा २०.७, मग डब्ल्यू२ जोडल्यावर तिसरा २०.६. सगळे एकदम येत नाहीत, नाहीतर घरातले दिवे मंदावले असते. बंद करताना उलटा क्रम, आणि शेवटचा एलिमेंट गेल्यावरही ब्लोअर थोडा वेळ चालून उरलेली उष्णता काढून घेतो. तो चालायलाच हवा, लाल तार हवेविना राहिली तर लिमिट ट्रिप होतो.

पहिल्या अर्ध्या तासात जळका वास येतो, एलिमेंटवरचा कारखान्यातला तेलाचा थर जळतो तो. खिडक्या उघड्या ठेवल्या आणि आईला तेवढा वेळ अंगणात बसवलं.

बोर्डवर एक हिरवा एलईडी आहे, तो सीएफएम सांगतो, १०० ला एक ब्लिंक. मोजले, अकरा. ११०० मिळतायत.

इथेच बहुतेक जण हत्यारं गोळा करतात. पण मोटरचा आवाज मला पटत नव्हता. हवेचा सळसळाट जास्त, आणि मीटरवर ब्लोअर एकटा ४३० वॅट घेतोय.

२० ऑक्टोबर

मॅनोमीटर (हवेचा दाब मोजायचं यंत्र) लावला. या सगळ्या नोंदींतलं सगळ्यात महत्त्वाचं पान माझ्या मते हे आहे.

फिल्टर आणि ब्लोअरच्या मध्ये एक भोक, हीटरच्या पुढे प्लेनममध्ये एक भोक, प्रोबचं टोक हवेच्या दिशेला तोंड करून. रिटर्न बाजू उणे ०.४६ इंच वॉटर कॉलम (दाबाचं एकक), सप्लाय (खोल्यांकडे हवा नेणारी बाजू) अधिक ०.३६. चिन्ह सोडून बेरीज ०.८२. मशीनच्या लेबलवर मर्यादा ०.५० ची. तिसरं भोक फिल्टरच्या आधी, तिथे उणे ०.१९. म्हणजे एकटा फिल्टर ०.२७ खातोय, एकूण मर्यादेच्या निम्म्याहून जास्त!

आणि एवढं असूनही एलईडी अकरा ब्लिंक देत होता, तो खोटं बोलत नव्हता. जुन्या पीएससी मोटरने अशा डक्टवर हवा कमी दिली असती, खोल्या थंड राहिल्या असत्या आणि कोणीतरी म्हणालं असतं की डक्ट बघा. ही मोटर तक्रार करत नाही, आरपीएम वाढवते, वॅट वाढवते, आवाज वाढवते आणि हवा पुरी करते. डक्टचं दुखणं ती स्वतःच्या अंगावर घेते, आणि मग काही वर्षांनी मॉड्यूल जातो तेव्हा लोक म्हणतात या मोटरी टिकत नाहीत. टिकतात. पण व्हेरिएबल स्पीड ब्लोअर बसवला की स्टॅटिक मोजणं जास्त गरजेचं होतं, कमी नाही, कारण आवाज आणि वॅट सोडले तर बाकी कुठल्याच लक्षणातून ते कळत नाही. मॅनोमीटर न लावता ज्यांनी सेटअप पूर्ण केला त्यांचा सेटअप झालेलाच नाही असं मी म्हणेन.

२६ ऑक्टोबर

डक्टचं काम. वेळ सगळ्यात जास्त यातच गेला आणि फरकही यातच पडला.

फिल्टर आधी. जुनी चौकट १६ बाय २५ ची, एक इंची दाट घड्यांचा फिल्टर. ११०० सीएफएमला हवा तिथून मिनिटाला ३९६ फुटांनी जाते, एक इंची दाट फिल्टरला हे फार. चार इंची मीडिया कॅबिनेट (जाड फिल्टरची पेटी) बसवलं, २० बाय २५ चं, वेग ३१७ वर आला आणि घड्या खोल असल्यामुळे कागदाचं क्षेत्र कितीतरी वाढलं. गाळण तेवढंच चांगलं ठेवून अडथळा कमी करायचा सरळ उपाय हाच, पातळ आणि विरळ फिल्टर लावणं हा नाही.

रिटर्न. पूर्ण घराला एकच जाळी होती हॉलमध्ये. बेडरूमचं दार लावलं की त्या खोलीतली हवा परत यायला रस्ताच नाही, मग सप्लायमधून तरी आत कशी येणार. मागच्या बाजूला पॅसेजमध्ये दुसरी जाळी काढली आणि आईच्या दाराच्या वर भिंतीत आरपार जाळी बसवली.

सप्लाय. प्लेनमच्या वर लगेच काटकोनी पत्र्याचा एल्बो, आत काहीच नाही, हवा सरळ पत्र्यावर आपटते. आत वळणाच्या पट्ट्या बसवल्या. मग माळ्यावर चढून मागच्या खोलीचा फ्लेक्स डक्ट (वाकणारी नळी) बघितला. हा बघण्यासारखा होता: जरुरीपेक्षा लांब, जास्तीचा भाग कापायच्या ऐवजी वेटोळं करून ठेवलेला, दोन तुळयांच्या मध्ये झोळीसारखा लोंबत होता आणि एका ठिकाणी अरुंद पट्ट्याने इतका आवळलेला की गोल पाईपचा तिथे आठचा आकडा झाला होता. कापून तेवढाच ठेवला, ताणून बसवला, दर चार फुटांवर रुंद पट्टा. आतला पापुद्रा ताणलेला असला की गुळगुळीत राहतो, सैल सोडला की त्याला वळ्या पडतात आणि प्रत्येक वळी हवेला धरते.

परत मोजलं. फिल्टरच्या आधी उणे ०.११, फिल्टरनंतर उणे ०.२१, सप्लाय अधिक ०.२८. एकूण ०.४९. एलईडी तेच अकरा ब्लिंक, पण ब्लोअर आता ३०० वॅटवर आणि आवाज इतका कमी की दादाने दोनदा विचारलं चालू आहे ना. आईच्या खोलीत जाळीसमोर धरलेला टिश्यू आता नीट आडवा होतो.

१ नोव्हेंबर

मोटरचा आकडा खरा का हे स्वतंत्रपणे तपासलं. इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, कारण किती उष्णता घातली हे व्होल्ट आणि अँपिअर वरून नेमकं कळतं, गॅसमध्ये ती सोय नाही.

तिन्ही एलिमेंट चालू करून तापमान स्थिर होईपर्यंत थांबले. २३८ व्होल्ट, ६१.९ अँपिअर, म्हणजे १४,७३२ वॅट. ब्लोअरचे ३०० पण हवेतच जातात, ते धरून १५,०३२. गुणिले ३.४१२, साधारण ५१,३०० बीटीयू. तापमानवाढ ४४ डिग्री. १.०८ गुणिले ४४ ने भागलं की १,०८०. एलईडी ११०० म्हणतो. दोन टक्क्यांच्या आत, खूपच छान.

यात थर्मामीटरची जागा फार महत्त्वाची. सप्लायचा प्रोब एलिमेंट दिसेल अशा ठिकाणी ठेवला तर लाल तारेची थेट झळ लागून आकडा फुगतो आणि हवा कमी आहे असं वाटतं. पहिल्या वळणाच्या पलीकडे, मुख्य फांदीत ठेवायचा. १.०८ हा आकडाही समुद्रसपाटीच्या हवेचा आहे, उंचावर राहणाऱ्यांनी तो कमी करून घ्यावा.

नुसता फॅन कमी स्पीडला लावून पण बघितलं, ५५० सीएफएमला ७० वॅट. हवा निम्मी आणि वॅट चौथाईच्याही खाली. फॅनची ताकद वेगाच्या घनाने बदलते, कागदावर निम्म्या वेगाला आठवा भाग, प्रत्यक्षात मॉड्यूलचे स्वतःचे लॉस असतात म्हणून तेवढं उतरत नाही. पण दिवसभर मंद चालू ठेवायला हे परवडतं आणि खोल्यांमधला तापमानाचा फरक त्याने खूप कमी झाला.

१५ नोव्हेंबर

थंडी सुरू झाल्यावर थर्मोस्टॅटचं शेवटचं सेटिंग. हीटचा प्रकार इलेक्ट्रिक निवडला, म्हणजे हीटबरोबर जी पण चालू होतो. सायकल रेट (तासाला किती वेळा चालू-बंद) गॅससाठी कमी असतो, इलेक्ट्रिकला तासाला ९ ठेवतात, एलिमेंट पटकन तापतो आणि पटकन निवतो त्यामुळे छोट्या सायकलने त्याचं काही बिघडत नाही आणि खोलीचं तापमान जास्त स्थिर राहतं. दुसरी स्टेज उशिरा येईल असं ठेवलंय, आत्तापर्यंतच्या थंडीत १० किलोवॅटवरच भागतंय. रात्रीचा सेटबॅक (तापमान जेवढं खाली आणतो ते) मात्र तीनच डिग्री, जास्त ठेवला तर सकाळी तिन्ही एलिमेंट लागतात.

ब्रेकर पाडून फर्नेसचे लग परत टॉर्कने तपासले, तापून थंड झाल्यावर तांबं थोडं बसतं. एक लग पाव वळणापेक्षा कमी आवळला गेला, बाकीचे होते तसे.

फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलं: डिप स्विचच्या पोझिशन, ११०० सीएफएम, एकूण स्टॅटिक ०.४९, नवीन फिल्टरवर ०.१०, तिन्ही एलिमेंटचे अँपिअर, तापमानवाढ ४४. मॅनोमीटरच्या भोकांना रबरी बूच लावले. फिल्टरवर ०.२० दिसले की बदलायचा, महिने मोजत बसायचं नाही.